1605 बॉल स्क्रू बसवलाय, तरी प्ले आहे? आधी बीके12 उघडा

घरच्या सीएनसी राउटरला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापणी मशीनला) 1605 बॉल स्क्रू, म्हणजे 16 मिमी व्यासाचा, 5 मिमी लीडचा, नटमध्ये बॉल फिरणारा स्क्रू लावूनही प्ले (सैलपणा) राहिला की खापर स्क्रूवर फुटतं. सी7 या अचूकतेच्या दर्जाचा रोल्ड स्क्रू 300 मिमीत साधारण 0.05 मिमी चुकू शकतो, हे खरं. पण ती लीडमधली, म्हणजे एका फेऱ्यात नट जितका सरकतो त्या अंतरातली चूक. एमडीएफ, ॲक्रिलिक किंवा ॲल्युमिनियम कापणाऱ्या घरगुती मशीनला तेवढी चालते. दिशा बदलताना जाणवणारा सैलपणा वेगळा, आणि तो बऱ्याचदा स्क्रूचं मोटरकडचं टोक धरणाऱ्या बीके12 बेअरिंग ब्लॉकमध्ये असतो.

म्हणून ब्लॉक बसवण्याआधीच उघडा. झाकणाचे एलन बोल्ट काढून बेअरिंगवरचा नंबर वाचा. स्वस्त सेटमध्ये 7001 (अक्षाच्या दिशेचा जोर पेलणारं अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंग) ऐवजी 6001 निघू शकतं. माप तेच, 12×28×8, त्यामुळे बसतं चपखल. पण ते साधं डीप ग्रूव्ह बेअरिंग, पुढे-मागे थोडं हलणारच. भोसरी-चिंचवडकडच्या बेअरिंगवाल्याकडे 7001 ची मॅच्ड जोडी मागा आणि समोरासमोर, म्हणजे डीएफ पद्धतीने बसवा. घरच्या फ्रेममध्ये थोडा तिरकेपणा राहतोच, तो ही मांडणी जास्त सोसते. झाकणाने बाहेरची रिंग दाबली पाहिजे. झाकण आधीच ब्लॉकला टेकत असेल तर बेअरिंगवर प्रीलोड, म्हणजे सैलपणा घालवणारा दाब, येत नाही. झाकण आणि बाहेरच्या रिंगच्या मध्ये पातळ शिमची (पत्र्याची) रिंग घाला. दुसऱ्या टोकाच्या बीएफ12 ब्लॉकमधलं 6000 बेअरिंग मात्र मोकळंच हवं, स्क्रू तापून वाढला की त्याला सरकायला जागा लागते.

टोकं टर्न केलेलाच स्क्रू घ्या. वरचा थर कडक असतो, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल त्यावर नुसतं घासतं. कापायचाच असेल तर लेथवाल्याला कार्बाइड टिप वापरायला सांगा. नट काढताना तो थेट 13 मिमीच्या आसपासच्या नळीवर सरकवा, नाहीतर 3.175 मिमीचे बॉल टेबलभर होतील.

अलाइनमेंटला घाई नको. बीके12 चं सेंटर 25 मिमीवर आणि नट हाउसिंगचं (नट धरणाऱ्या ब्लॉकचं) 20 वर असतं, तेव्हा पॅकिंगचा हिशोब आधी करा. रेल पक्क्या झाल्यावर कॅरेज (रेलवर सरकणारा भाग) बीके12 जवळ आणा, ब्लॉक आणि हाउसिंग तिथेच आवळा. मग कॅरेज दुसऱ्या टोकाला न्या, बीएफ12 ला आपोआप बसू द्या आणि तिथे आवळा. हाताने स्क्रू फिरवताना एखाद्या ठिकाणी जड लागला तर त्या बाजूचे बोल्ट ढिले करून पुन्हा. मोटरच्या जोरावर तो अडथळा रेटला तर नट लवकर झिजतो.

आता प्ले नक्की कुठे आहे ते शोधा. स्क्रूच्या टोकाच्या सेंटर होलमध्ये ग्रीस लावून एक छोटा बॉल चिकटवा, त्यावर डायल इंडिकेटरची टीप टेकवा आणि कॅरेज हाताने मागे-पुढे ढकला. काटा हलला तर दोष बीके12 चा, बहुधा लॉकनट किंवा झाकण ढिलं. काटा स्थिर राहून कॅरेज हलत असेल तर नट किंवा हाउसिंगचे बोल्ट तपासा.

200 स्टेपची मोटर, 8 मायक्रोस्टेप आणि 5 मिमी लीड, म्हणजे मिमीला 320 स्टेप. जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) हा आकडा बदला. लिथियम ग्रीस लावा आणि पावसाळ्यात मशीन बंद असेल तेव्हाही स्क्रूवर त्याचा थर राहू द्या, गंज ट्रॅकमध्ये शिरला की गेला. झेडला (वर-खाली जाणाऱ्या अक्षाला) मात्र ब्रेक किंवा काउंटरवेट हवाच. बॉल स्क्रू स्वतःहून अडत नाही, वीज गेली की स्पिंडल थेट जॉबवर उतरतो.