वहीच्या शेवटच्या पानावरच्या तारखा

अमेरिकेतून येऊन सहा वर्षांनी दिवाळी घरी झाली. तीन आठवडे अमळनेरला होते. येताना एकाच गोष्टीचं कुतूहल होतं, की भाचा आणि त्याचे दोस्त रात्री ओट्यावर बसून नेमकं काय बोलतात. व्हिडिओ कॉलवर नुसता गलका ऐकू यायचा. एक पोरगा मेडिकलवर बसतो, एक बापाबरोबर कापसाचं शेत बघतो, एक रोज गाडीनं जळगावला कामाला जातो, बाकीचे दोघं-तिघं कॉलेजात. जेवणं झाली की सगळे हजर. आणि विषय ठरलेला: सुपरहिरोंचे सिनेमे काढणाऱ्या मार्व्हल आणि डीसी या कंपन्या आता पुढं काय करणार.

पहिल्या दोन रात्री मी नुसतं ऐकलं. तिसऱ्या दिवशी भाच्यानं मला त्याची वही दाखवली. अकाउंट्सची वही, पण शेवटच्या पानावर निळ्या पेनानं सिनेमांच्या तारखा. ‘ब्लेड’ या मार्व्हलच्या सिनेमाच्या नावापुढं चार तारखा, चारही खोडलेल्या: ३ नोव्हेंबर २०२३, ६ सप्टेंबर २०२४, १४ फेब्रुवारी २०२५, ७ नोव्हेंबर २०२५. पुढं नुसती आडवी रेघ. हा सिनेमा २०१९ च्या जुलैत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात जाहीर झाला होता, नटासकट. २०२४ च्या ऑक्टोबरात तो वेळापत्रकातूनच काढून टाकला. त्याखाली ‘अव्हेंजर्स’चा पुढचा भाग. तिथं २ मे २०२५ खोडलेलं, १ मे २०२६ खोडलेलं आणि १८ डिसेंबर २०२६ भोवती गोल. गोल दोनदा गिरवलेला, कागद फाटेल इतका.

त्या पानाकडं बघून मला गलबलून आलं. हा पोरगा अकरावीत असल्यापासून या तारखा लिहितोय. अव्हेंजर्सचा आधीचा भाग, एंडगेम, २०१९ च्या एप्रिलात आला तेव्हा हे सगळे शाळेत होते. कुणाचा तरी मोठा भाऊ सोबत होता, म्हणून घरच्यांनी सोडलं आणि सुरत-भुसावळ लाइनीच्या गाडीनं जळगावला जाऊन हिंदीत बघून आले. जगभरात त्या सिनेमानं जवळपास २८० कोटी डॉलर कमावले. त्याच घराण्यातला ‘द मार्व्हल्स’ २०२३ च्या नोव्हेंबरात आला आणि २० कोटींच्या आसपास थांबला. हे आकडे पोरांना पाढ्यासारखे पाठ आहेत.

भांडण कशावरून, तर अव्हेंजर्सच्या या नव्या भागात रॉबर्ट डाउनी ज्युनिअर डॉक्टर डूम म्हणून परत येतोय त्यावरून. मेडिकलवाल्याचं म्हणणं, ज्यानं आयर्न मॅन हा हिरो केला आणि गोष्टीत मेला, त्यालाच खलनायक करून आणायचं म्हणजे नवीन कुणी जमलं नाही याची कबुलीच. शेतवाला म्हणतो, डूमचा चेहरा तर मुखवट्याआड असतो, आत कुणी का असेना, काम बघा. यावर अर्धा तास गेला. मला विचाराल तर मेडिकलवाल्याचं बरोबर आहे. आधी सगळी गोष्ट कँग नावाच्या खलनायकावर उभी करायची ठरली होती. २०२२ मध्ये सिनेमाचं नाव आणि तारीखसुद्धा जाहीर केली होती. २०२३ च्या डिसेंबरात कँग करणाऱ्या नटाला कोर्टानं दोषी ठरवलं, स्टुडिओनं त्याला काढलं आणि पुढच्या जुलैत डाउनीचं नाव आलं. एका माणसावर इतकं ओझं टाकलं, की तो गेल्यावर छपरच खाली आलं.

जळगावला जाणारा पोरगा डीसीवाला. दिग्दर्शक जेम्स गन आणि निर्माता पीटर सॅफरन यांनी २०२२ च्या नोव्हेंबरात डीसीचा कारभार हातात घेतला. पटकथा पूर्ण लिहून झाल्याशिवाय शूटिंगला हात लावायचा नाही, हे गन वारंवार सांगत आलाय. ठरलेला एक सिनेमा त्यानं पटकथा जमली नाही म्हणून रद्दही केला. २०२५ च्या जुलैत त्याचा सुपरमॅन आला. हा पोरगा म्हणतो, याला म्हणतात पद्धत. पण आधीचा सुपरमॅन हेन्री कॅव्हिल याच्यावर जीव टाकणारा दुसरा एक जण त्या सिनेमाला गेलाच नाही. कॅव्हिलनं २०२२ च्या ऑक्टोबरात परत आलो म्हणून सांगितलं आणि दोन महिन्यांत नाही म्हणून सांगावं लागलं. तो पोरगा हे सांगताना खाली बघून बोलत होता. घरातल्या माणसाला कुणी उंबऱ्यावरून परत पाठवावं तसं त्याला ते लागलंय, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

आई ओसरीत ज्वारी निवडत होती. तिला यातलं एकही नाव माहीत नाही. पण चार रात्री कानावर पडल्यावर पाचव्या रात्री सूप बाजूला ठेवून म्हणाली, “नवरी दखेल नही आन पत्रिका छापी दिनी? कसाले?” म्हणजे नवरी पाहिलेली नाही आणि पत्रिका छापून टाकली, कशाला?

पोरं गप्प झाली. कारण सगळ्या वादाचा गाभा तोच होता. गोष्ट लिहून झालेली नसताना तारीख का सांगायची?

आता मी तुम्हाला तिकडचं सांगते, कारण ओट्यावरही मी तेच सांगितलं. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या दक्षिणेला फेएटव्हिल नावाचं गाव आहे, त्याच्या जवळच आम्ही राहतो. तिथं २०१४ मध्ये मोठा स्टुडिओ सुरू झाला. आज त्याचं नाव ट्रिलिथ. अँट-मॅनपासून एंडगेमपर्यंत मार्व्हलचे कितीतरी सिनेमे तिथं झाले. जॉर्जिया सरकार निर्मात्याला खर्चाच्या २० टक्के करसवलत देतं, आणि शेवटच्या नावांच्या यादीत राज्याचं पीच फळाचं चिन्ह दाखवलं तर आणखी १० टक्के. हे ऐकून भाचा ताडकन उठला. शेवटचा चोरटा सीन बघायला ही पोरं थिएटर रिकामं होईपर्यंत बसून राहतात, ते पीच त्यांनी कितीदा तरी पाहिलंय. ते तिथं का आहे हे त्यांना त्या रात्री कळलं.

आमचा शेजारी त्या स्टुडिओत सुतार. सेट उभारणारा. गाव सोडून कामासाठीच इकडं आला, घर घेतलं, दोन मुलं. त्याच्या गॅरेजमध्ये एकदा त्यानं मला दगडी भिंत कशी करतात ते दाखवलं होतं. फोमचा ठोकळा घ्यायचा, तारेच्या ब्रशनं खरवडून त्याला खडबडीतपणा आणायचा, वर गिलाव्याचा पातळ थर आणि मग रंगाचे तीन-चार हात. गडद रंग आधी, खाचांमध्ये मुरलेला. उजळ रंग शेवटी, कोरड्या ब्रशनं फक्त कडांवर. मी दिवाळीला गावी जाणार हे कळल्यावर त्यानं घरीच एक वीट करून दिली. “तुझ्या भाच्याला दे,” म्हणाला.

ती वीट मी ओट्यावर काढली. पोरांनी हातोहात फिरवली. दिसायला थेट आमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीतली, कोपरा झिजलेला, एका बाजूला शेवाळाचा हिरवट डाग. आणि वजन पोळीइतकं. आईनं दोन्ही हात पुढं करून घेतली, जड असेल म्हणून, आणि हात आपोआप वर गेले. कितीतरी वेळ ती त्या डागावरून बोट फिरवत होती.

मग मी शेजाऱ्याचं सांगितलं. २०२१ मध्ये मार्व्हलचे चार सिनेमे आले, वर मालिका पाच. त्याला तेव्हा रविवारसुद्धा मिळत नव्हता. २०२३ मध्ये आधी लेखकांचा संप, मग नटांचा, कामं बंद. संप मिटला, पण २०२४ मध्ये मार्व्हलची मालक कंपनी डिस्ने, तिचा तेव्हाचा प्रमुख बॉब आयगरनं सांगितलं की वर्षाला दोन सिनेमे, फार तर तीन. त्यात नवे मोठे सिनेमे इंग्लंडला गेले. डूमवाला सिनेमा लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत झाला. तिथं मजुरी स्वस्त पडते, कामगाराच्या आरोग्य विम्याचा भार निर्मात्यावर येत नाही, आणि तिकडचं सरकारही खर्चातला वाटा परत देतं. इकडं शेजाऱ्याचा विमा मात्र कामाच्या तासांवर चालतो. तास भरले नाहीत की विमा गेला. आता तो लोकांच्या स्वयंपाकघरातली कपाटं बसवतो.

मी हे सांगत असताना मला आजोबा आठवत होते. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. भोंगा झाला की गल्ली उठायची, भोंगा झाला की जेवायची. मग तिसरी पाळी बंद झाली, मग दुसरी. गिरणीचं काय ठरलंय हे गल्लीत कुणालाच धड कळायचं नाही, नुसत्या तारखा यायच्या: या महिन्यात सुरू होणार, दिवाळीनंतर सुरू होणार. आजोबा शेवटपर्यंत डबा घासून ठेवायचे. आईला हे माहीत आहे, म्हणूनच ती पत्रिकेचं बोलली असं मला वाटतं.

कमी सिनेमे करायचा निर्णय मला योग्यच वाटतो, हे पोरांनाही सांगितलं. वर्षाला चार सिनेमे आणि पाच मालिका हा वेगच माणसाला झेपणारा नव्हता. पण आधी भरमसाट जाहीर करायचं, त्या भरवशावर लोकांनी घरं घ्यायची आणि मग हात आखडायचा, याला मी चुकीचंच म्हणेन. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तर ‘बॅटगर्ल’ हा जवळपास ९ कोटी डॉलर खर्चून शूट केलेला डीसीचा सिनेमा कंपनीनं प्रदर्शितच केला नाही. किती सुतारांनी किती विटा रंगवल्या असतील त्यात! त्या कुणीही पाहिल्या नाहीत.

“मंग आपण ओरडून उपयोग काय भो?” शेतवाल्यानं विचारलं. यावर डीसीवाल्यानं डीसीच्याच जस्टिस लीग सिनेमाचं उदाहरण काढलं. २०१७ चा सिनेमा लोकांना पटला नाही, दिग्दर्शक झॅक स्नायडरचा मूळ सिनेमा दाखवा म्हणून फॅन तीन वर्षं मागं लागले आणि २०२१ च्या मार्चमध्ये चार तासांचा तो सिनेमा आला. म्हणजे ऐकतात कधी कधी.

मेडिकलवाला मालेगावचं बोलला. धुळ्यावरून पुढं गेलं की मालेगाव, आमच्या पोरांनी तिथल्या लोकांनी काढलेल्या सिनेमांच्या सीडी बघतच डोळे उघडले. नासिर शेखनं तिथं सुपरमॅन केला तो यंत्रमागावर राबणाऱ्या शफीकला घेऊन. हिरवा पडदा लावून त्याला उडवायला शिकले. तिथं कुणी पाच वर्षांचं वेळापत्रक जाहीर केलं नव्हतं. पैसे नाहीत, तरी सिनेमा पुरा केला. फैजा अहमद खान यांनी त्यावर केलेला माहितीपट पुढं जगभर गेला. “त्यांनी आधी पिक्चर केला, मग सांगितलं,” मेडिकलवाला म्हणाला, आणि त्यावर त्या रात्री कुणी वाद घातला नाही.

परत आल्यावर शेजाऱ्याला मी सगळं सांगितलं. आईचं वाक्य त्याला दोनदा समजावून द्यावं लागलं. मग तो बराच वेळ मान हलवत राहिला. विटेचं काय झालं, विचारलं. म्हटलं, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे, आईनं ठेवलीय.

काल भाच्यानं वहीच्या त्याच पानाचा फोटो पाठवला. उजवीकडं एक नवी उभी रेघ आखलीय, वर लिहिलंय ‘कुठं केला’. एंडगेमपुढं फेएटव्हिल, जॉर्जिया. १८ डिसेंबर २०२६ च्या गोलापुढं पाइनवूड, इंग्लंड. ‘ब्लेड’पुढची जागा कोरी आहे.