लिंक्ड लिस्ट विरुद्ध अ‍ॅरे: नोडचा साठा एकत्र केल्यानंतरची नोंद

सी भाषेत डेटा स्ट्रक्चर्सचा स्वतःपुरता संग्रह लिहिण्याचे काम मी छंद म्हणून करीत आहे. त्यातील लिंक्ड लिस्ट (दुव्यांनी एकमेकांना जोडलेल्या घटकांची यादी) आणि वाढता अ‍ॅरे (घटक सलग जागेत ठेवणारी, गरजेनुसार वाढणारी यादी) हे दोन्ही भाग आता चाचण्यांसह व्यवस्थित चालतात. या टप्प्यात नवीन काही न जोडता पूर्णांकांची एकच यादी दोन्ही प्रकारे साठवली आणि मेमरी नेमकी कुठे खर्च होते ते बाइटपर्यंत तपासले.

६४ बिटांच्या यंत्रावर लिस्टच्या एका नोडमध्ये, म्हणजे एका घटकात, ४ बाइटांचा पूर्णांक आणि पुढच्या नोडचा पत्ता ठेवणारा ८ बाइटांचा पॉइंटर असतो. बेरीज १२ येते, परंतु पॉइंटर ८ च्या पटीतील पत्त्यावर यावा म्हणून कंपायलर त्या दोहोंच्या मध्ये ४ बाइट रिकामे सोडतो आणि आकार सांगणारा साइझऑफ १६ दाखवतो. शिवाय प्रत्येक नोड मॅलॉक या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडून स्वतंत्रपणे मागितला, तर ग्लिबसी (लिनक्सवरील सी भाषेची प्रमाण लायब्ररी) स्वतःच्या नोंदीसह ३२ बाइटांचा तुकडा राखून ठेवते. म्हणजे ४ बाइटांच्या माहितीसाठी आठपट जागा जाते. अ‍ॅरेत १० लाख पूर्णांक ४० लाख बाइटांत मावतात, तर अशा लिस्टला ३ कोटी २० लाख बाइट लागतात. अ‍ॅरे दुप्पट करीत वाढवला की त्याचीही जवळजवळ निम्मी जागा काही काळ रिकामी पडून राहते, हे मान्य. पण या फरकापुढे ती फारच थोडी आहे.

म्हणून सर्व नोड एकाच मोठ्या अ‍ॅरेत ठेवले आणि पॉइंटरऐवजी पुढच्या नोडचा ३२ बिटांचा क्रमांक साठवला. नोड ८ बाइटांवर आला आणि ६४ बाइटांच्या एका कॅशे लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी उचलतो त्या तुकड्यात) असे ८ नोड बसू लागले. आकार वाढवताना रीअ‍ॅलॉक या फंक्शनने साठा दुसरीकडे हलवला तरी क्रमांक तेच राहतात, ही सोय मला जागेच्या बचतीइतकीच मोलाची वाटते. याची किंमतही आहे: मोकळा केलेला नोड चुकून पुन्हा वापरला गेला, तर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या मेमरीतील चुका पकडणाऱ्या साधनाला ते कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने संपूर्ण साठा हा एकच वैध तुकडा असतो. त्यामुळे डीबग बिल्डमध्ये (चुका शोधण्यासाठी बनवलेल्या आवृत्तीत) मोकळ्या नोडवर खूण करून ती प्रत्येक वापरापूर्वी तपासावी लागते.

वेगाच्या बाबतीत साठा एकत्र करणे पुरेसे नाही. अ‍ॅरे वाचताना पुढचा पत्ता आधीच ठाऊक असल्याने प्रोसेसर पुढील माहिती अगोदर मागवून ठेवू शकतो. लिस्टमध्ये मात्र हातातला नोड वाचल्याशिवाय पुढचा पत्ताच समजत नाही. नोड ज्या क्रमाने जोडले त्याच क्रमाने साठ्यात असतील, तर हा तोटा बराच झाकला जातो. पण त्याच लिस्टवर मर्ज सॉर्ट ही क्रम लावण्याची पद्धत चालवली की नोड जागेवरच राहतात, फक्त दुवे बदलतात, आणि त्यानंतरची प्रत्येक फेरी साठ्यात इकडून तिकडे उड्या मारीत जाते. मूळ अडचण पॉइंटरपेक्षा या विखुरलेपणात अधिक आहे, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

मध्येच घटक घालण्याचे काम लिस्टमध्ये स्थिर वेळेत, म्हणजे यादी कितीही मोठी असली तरी तेवढ्याच वेळात होते, हे विधान घटक जिथे घालायचा तिथला नोड आधीच हाती असेल तरच खरे ठरते. १० लाखांच्या यादीत मध्यापर्यंत पोहोचायला ५ लाख दुवे एकामागून एक ओलांडावे लागतात, तर अ‍ॅरेत मेममूव्ह हे फंक्शन २० लाख बाइट सलग सरकवते, आणि हे काम आजचे प्रोसेसर अतिशय वेगाने करतात. मात्र घटक आकाराने मोठे असतील, त्यांचे पत्ते इतरत्र जपून ठेवलेले असतील किंवा एकच घटक अनेक याद्यांत असेल, तेव्हा लिस्टला पर्याय नसतो. लिनक्स कर्नलमधील लिस्ट-हेड ही रचना दुवे घटकाच्या आतच ठेवते, ती याच गरजेतून.

सॉर्टनंतर नोड यादीच्या क्रमाने नव्या साठ्यात उतरवून घेणारे फंक्शन सध्या लिहीत आहे. त्यात नोडचे क्रमांक बदलतात, म्हणून बाहेर जपलेले क्रमांक दुरुस्त करण्यासाठी जुन्या क्रमांकावरून नवा सांगणारा तक्ताही हे फंक्शन परत देईल.