एरिन फिलिप्सची गेलेली अठरा वर्षं आणि आमच्या घरचा फॉर्म

२०२५ च्या जूनमध्ये एरिन फिलिप्स फूटीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेली, तेव्हा आमच्या अख्ख्या ॲडलेडला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला. महिलांच्या लीगमधून हा मान मिळालेली ती पहिलीच. (फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, लांबोडक्या चेंडूचा खेळ. नियम समजावत बसत नाही, मलाही अजून सगळे कळलेले नाहीत.) ऑफिसच्या टी-रूममध्ये सगळ्या जणी "किती सुंदर गोष्ट आहे ना!" करत होत्या आणि मी आपली चहा ढवळत मनातल्या मनात चिडत होते.

गोष्ट अशी. वडील ग्रेग फिलिप्स, पोर्ट ॲडलेड या फूटी क्लबचे खंदे खेळाडू, ८ अजिंक्यपदं नावावर. पोरगी लहानपणापासून मुलांच्या संघात मुलांना लोळवत खेळायची. तेरा वर्षांची झाली आणि सांगण्यात आलं, आता बास, यापुढे मुलांबरोबर खेळायचं नाही. आणि मुलींसाठी पुढे करिअर म्हणावं असं काहीच नव्हतं. मग ती बास्केटबॉलकडे वळली.

वळली म्हणजे किती, तर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबर जगज्जेती झाली. अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमध्ये २०१२ ला इंडियानाकडून आणि २०१४ ला फिनिक्सकडून विजेतेपद, मग २०१६ चं रिओ ऑलिंपिक. हा तिचा नाइलाजानं धरलेला खेळ!

२०१७ मध्ये महिलांची लीग, एएफएलडब्ल्यू, सुरू झाली तेव्हा ती ३१ वर्षांची होती आणि घरात नुकतीच जन्मलेली जुळी. बहुतेक पुरुष खेळाडू ज्या वयात गुडघ्याला बर्फ लावत निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात हिचा पहिला सीझन. त्यात ती लीगची सर्वोत्कृष्ट खेळाडू, अंतिम सामन्यातही सर्वोत्कृष्ट, आणि तिचा संघ ॲडलेड क्रोज विजेता. २०१९ मध्ये पुन्हा तेच. त्या वर्षीचा अंतिम सामना ॲडलेड ओव्हलवर झाला, ५३,०३४ प्रेक्षक. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तिला स्ट्रेचरवरून नेताना सगळं स्टेडियम उभं राहिलं, समोरच्या कार्लटन संघाच्या मुलीसुद्धा जवळ आल्या. सामन्यातली सर्वोत्कृष्ट खेळाडू तरी तीच ठरली. मग २०२२ मध्ये तिसरं विजेतेपद, आणि त्याच वर्षी वडिलांच्या पोर्ट ॲडलेडची पहिली महिला कर्णधार. २०२३ ला निवृत्ती.

आता सांगा, यात सुंदर काय? कर्तृत्व तिचं आहे, त्यापुढे हात जोडते. पण १३ ते ३१! ती अठरा वर्षं कुणी घेतली, हे कुणी विचारतच नाही. जणू पाऊस पडावा तसा तो नियम आभाळातून पडला होता. बायकांचं फूटी बघायला येणार कोण, असं वर्षानुवर्षं विचारलं जायचं. २०१७ चा पहिला सामना मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्कवर झाला, २४,५६८ लोक आत आणि दरवाजे बंद. बाहेर राहिलेल्यांची माफी मागायला खुद्द एएफएलच्या, म्हणजे फूटीच्या मुख्य लीगच्या, प्रमुखांना यावं लागलं. त्या सीझनला बहुतेक मुलींना ८,५०० डॉलर मिळाले. दिवसा नर्स, शिक्षिका, पोलीस आणि संध्याकाळी सराव. आता सरासरी साठ हजारांच्या वर गेलीय, पण पुरुषांची चार लाखांच्या पुढे आहे.

हे सगळं मी बोलून दाखवलं, तर एकीनं डोकं तिरकं करून विचारलं, "पण तुमच्याकडे मुलींना खेळूच देत नसतील ना?"

झालं. मी सांगलीची. आमच्या सांगलीची स्मृती मानधना नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात होती, हे मी तिला सांगितलं. २०२३ च्या डब्ल्यूपीएल या महिला क्रिकेट लीगच्या लिलावात तिला ३ कोटी ४० लाख मिळाले, तेही डॉलरमध्ये करून सांगितलं. सहा लाखांच्या आसपास जातात, म्हणजे तुमच्या पुरुषांच्या सरासरीपेक्षा जास्त! समोरची गप्प. लीगच्या बाहेर, तालुक्याच्या गावात खेळणाऱ्या मुलीला काय मिळतं, हे तिनं विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. आमच्या शाळेतला मुलींचा कबड्डीचा संघ आठवीनंतर कुठे गेला, तेही नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा ऑफिसात पेढे मात्र मुद्दाम तिच्या टेबलापासून वाटायला सुरुवात केली.

इथलं एक मात्र मानलं. पोर्ट ॲडलेडच्या मैदानावर, अल्बर्टन ओव्हलवर, लेकीला घेऊन महिलांचा सामना बघायला गेले होते. खेळ संपला की या मुली घामानं निथळत थेट कुंपणापाशी येतात, माउथगार्ड मोज्यात खोचलेला, बोटांना पट्ट्या, आणि शेवटच्या पोराची सही होईपर्यंत हलत नाहीत. एकीनं माझ्या लेकीला विचारलं, "तू कुठल्या क्लबला खेळतेस?" खेळतेस का, असं नाही. कुठल्या क्लबला!

त्याचा परिणाम म्हणजे आमच्याकडे सध्या क्लबच्या नोंदणीचा फॉर्म उघडून ठेवलेला आहे. माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. पण या खेळात मुलींचे गुडघे फार जातात, ते काही मी मनाचं सांगत नाही, एरिनचंच उदाहरण आहे. नेटबॉल (बास्केटबॉलसारखाच एक खेळ) काय वाईट? तर नवरा म्हणतो, नेटबॉलमध्येही गुडघेच जातात. त्याला बोलायला काय जातंय, फिजिओकडे हेलपाटे मलाच घालायचे आहेत. शिवाय सराव येतो बरोबर भरतनाट्यमच्या वेळेला, आणि त्या क्लासची वर्षभराची फी मी भरून बसले आहे.