रानभाज्यांची नोंद : शेवळांपासून कंटोळ्यांपर्यंत

यंदा मृग लागल्यापासून तयार ग्रेव्ही, फ्रोजन मटार आणि बाटलीतली आलं-लसूण पेस्ट घरात आणणं बंद केलंय. ठाण्याच्या बाजारात टोपलीत जे दिसेल ते आणायचं आणि शिजवायचं. रानभाज्यांच्या नादी लागलेल्यांसाठी आतापर्यंतची ही नोंद.

सर्वांत जास्त जीव रमला तो शेवळांत, म्हणजे पहिल्या पावसात येणाऱ्या जांभळट कोंबांत. पहिल्या सरी पडल्या की कातकरी, ठाकर बायका जुड्या घेऊन बसतात. मोसम एवढासा, की 'पुढच्या रविवारी बघू' म्हटलं की गेलं वर्ष. जुडी उचलली तर मावशींनी आधी हिरव्या काकडांचा, म्हणजे छोट्या तुरट-आंबट रानफळांचा, वाटा पुढे केला. "दादा, ही पण न्या. नुसती शेवळं खाजतील." बरोबरच आहे. शेवळं सुरणाच्या जातकुळीतली. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. आंबट घातल्याशिवाय ही भाजी करू नये. काकडं नसतील तर चिंच किंवा आमसूल चालतं, पण काकडांची तुरट-आंबट चव वेगळीच.

निवडताना हाताला तेल लावलं. वरचं जांभळट आवरण उलगडलं की आत दांडा दिसतो, आणि त्याच्या बुडाशी पिवळट दाणेदार भाग. तो पूर्ण काढून टाकायचा, तिथे कंजुषी नको. बाकीचं अगदी बारीक चिरून भरपूर तेलात चांगलं खमंग होईपर्यंत परतलं, मग काकडं वाटून त्यांचा गाळलेला रस, भिजवलेले सोडे (सुकवलेली कोलंबी), ताजं वाटण. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत यात कोलंबी किंवा खिमाही पडतो. मी सोड्यांवर खूश आहे.

इथेच बाटलीतल्या पेस्टचा फरक कळला. बहुतेक बाटल्यांमध्ये मीठ आणि टिकण्यासाठी घातलेलं आम्ल असतंच. म्हणजे भाजीत आंबट किती घालायचं हे आपल्या हातात उरत नाही, आणि शेवळांत तर सगळा खेळ आंबटाचाच. लसूण ठेचायला लागतो किती वेळ? खरा वेळ जातो निवडण्यात, आणि ते काम कुठलंच पाकीट करून देत नाही.

कुलू, म्हणजे फोडशी, दिसायला गवत. बुडाचा पांढरा भाग आणि मधला कडक दांडा काढला, माती जाईपर्यंत धुतली. कांदा, हिरवी मिरची, भिजवलेली मूगडाळ, बस. गरम मसाला घातला तर पानाचा हलका गोडवा मरतो. टाकळा कोवळा असेतोवरच घ्यावा, शेंड्याची पानं. त्याचा उग्र वास लसणीच्या फोडणीने आणि ओल्या खोबऱ्याने आटोक्यात येतो. भारंगी कडू. उकडून पाणी फेकलं, पिळून घेतली, वालांबरोबर शिजवली. घरातल्या धाकट्यांनी ताट सरकवलं. मला मात्र तो कडवटपणा आवडतो, त्यामुळे पुन्हा होणार.

सध्या कंटोळी चालू आहेत. बाजारात मोठी, पिवळट पडलेली स्वस्त मिळतात, पण बिया दाताखाली कडकड वाजतात. लहान, हिरवीगार, काटे मऊ असलेली निवडा. पातळ चकत्या, थोडं तेल, हळद-मीठ, झाकण न ठेवता कुरकुरीत. श्रावणात कांदा-लसूण बंद असला तरी इथे काही अडत नाही.

एक सांगून ठेवतो, डोंगरात जाऊन स्वतः खुडण्याच्या फंदात मी पडत नाही. सारखी दिसणारी पानं बरीच असतात. विकणाऱ्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, आणि साफ कसं करायचं हे विचारलं तर त्या मनापासून सांगतात. फक्त घासाघीस करू नका. पहाटे रानातून आणलेली जुडी असते ती.

आता लक्ष ऋषिपंचमीच्या भाजीकडे. बैलाच्या कष्टाचं काही घालायचं नाही हा नियम पाळून अळू, माठाचे देठ, शिराळं, पडवळ, सुरण, मक्याची कणसं जमवायची आहेत. आंबटपणासाठी आमच्याकडे चिंच घालतात. अंबाडी किंवा आंबाडे घालणाऱ्यांनी प्रमाण सांगा, आणि सुरण आधी वेगळं उकडता की सगळ्यांबरोबरच, तेही.