तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सरी एकच, मग आमचीच कलमं का वाळली?

संत्र्याचा विषय निघाला की नागपुरात कुणीतरी मला हे विचारतंच. “ताई, एकाच नर्सरीतून, एकाच दिवशी कलमं आणली. शेजाऱ्याची बाग बघण्यासारखी झाली, आमची सातव्या वर्षी वाळायला लागली. खतपाणी तर आम्हीच जास्त केलं. मग असं का?”

दर वेळी मी आधी एकच विचारते: खाली किती फूट माती आहे? बहुतेकांना ते सांगता येत नाही. आम्हालाही येत नव्हतं.

काटोलकडे आमचं तीन एकर वावर आहे, उताराचं. वरच्या धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, दीड फूट माती, की लगेच मुरूम. खाली नाल्याकडे सब्बल जाईल तितकी काळी माती. बाबांनी 18 बाय 18 फुटांवर चारशे कलमं लावली, सगळी जंबेरीच्या खुंटावर, म्हणजे जंबेरी लिंबाच्या मुळाकडच्या रोपावर, संत्र्याचा डोळा भरलेली. पहिली पाच वर्षं नाल्याकडची झाडं बघत राहावीत अशी होती. पानं हिरवीकंच, उंची वरच्या झाडांच्या दीडपट. पाहुणे आले की बाबा त्यांना आधी तिकडे न्यायचे.

सातव्या पावसाळ्यात झड लागली आणि वावरात पाणी साचून राहिलं. त्यानंतर त्याच झाडांच्या बुंध्यातून डिंक गळू लागला. पानं पिवळी पडून गळाली, फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. बाबांनी औषधं दिली, शेणखत दिलं आणि झाडं सुकताहेत म्हणून पाणीही वाढवलं. ते पाणी वाढवणं मला अजून सलतं.

ऑक्टोबरात आम्ही दोन झाडांच्या मधे चार फूट खड्डा खणला आणि मी आत उतरले. वरचा फूटभर भाग भुसभुशीत होता. तिथलं एक बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर साल माझ्या बोटांत आली आणि आतला दोरा तेवढा मातीत राहिला. मूळकूज. दोन फुटांवर मोठी टोकदार ढेकळं होती, एकमेकांवर घासून त्यांच्या कडा तुकतुकीत झालेल्या. त्या फटीत एक जाड मूळ सापडलं, फितीसारखं चपटं झालेलं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. त्या दाबात ते मूळ वर्षानुवर्षं चेपलं जात होतं. तीन फुटांच्या खाली ओली, चिवट माती, मधे चुनखडीचे पांढरे खडे, आणि मुळं नाहीतच.

चिकणमातीचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. अशा कणांमधल्या पोकळ्या इतक्या बारीक, की त्यात शिरलेलं पाणी लवकर हलत नाही, आणि पाणी हललं नाही तर हवा शिरत नाही. मूळ श्वास घेतं. हवा तुटली की ते कमजोर पडतं, आणि साचल्या पाण्यात पसरणारी बुरशी नेमकी तेव्हाच त्याला धरते. शिवाय आंबिया बहाराला, म्हणजे उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्याला, पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत तो महिनाभरात बसतो. आमच्या नाल्याकडे दोन महिने होत आले तरी माती ओलच सोडत नसे, मग फुलं कशी धरणार? जी माती कपाशीला सोनं, तीच संत्र्याला जड गेली.

वरच्या धुऱ्याची झाडं बुटकी राहिली, पण जगली. त्यांचं दुखणं वेगळं, उन्हाळ्याचं. हिशेब सोपा आहे. भारी मातीच्या एका फुटात झाडाला घेता येईल असं साधारण 50 मिलिमीटर पाणी मावतं, भरकाडीत, म्हणजे हलक्या भरड मातीत, त्याच्या निम्मं. म्हणजे दीड फूट भरकाडीत 40 सुद्धा नाही. मे महिन्यात झाड रोज 5 मिलिमीटर जरी प्यायलं तरी ही कोठी आठवड्यात रिकामी. तिथे एकदम भरपूर पाणी देऊन फायदा नाही, मुरमातून ते खाली निघून जातं. थोडं थोडं, लवकर लवकर द्यावं लागतं.

मधली दीड एकर मात्र अजून उभी आहे. तिथे तीन फूट मध्यम माती आणि खाली मऊ, फुटका मुरूम. माती पाणी धरते, जास्तीचं मुरूम सोडून देतो. संत्र्याला एवढंच हवं असतं. नाल्याकडे आम्ही पुन्हा लावलं ते उंच वरंब्यांवर, दोन ओळींआड चर काढून. धुऱ्याशी सीताफळ आणि आवळा लावला.

शहरातल्या अंगणालाही हेच लागू. सेमिनरी हिल्सकडे थोडं खणलं की काळा दगड लागतो. कामठीकडे खाली वाळूखडक, म्हणजे मातीच वेगळी. नव्या लेआउटमध्ये तर वर मुरमाचं आणि मलब्याचं भरण, खाली दाबलेली काळी माती. तिथे हातभर खड्ड्यात चांगली माती भरून आंबा लावला तर तो कुंडीतच लावल्यासारखा होतो. मुळं खड्ड्यातच गोल फिरतात, पावसाळ्यात त्यात पाणी तुंबतं, आणि तीन वर्षांनी झाड जागच्या जागी थांबतं. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा आणि कडा टिकासाने फोडून घ्या.

मातीचा पोत घरीही कळतो. मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठ्याने दाबत तिची पट्टी काढा. दोन इंचांवर लांब निघाली तर भारी, इंचभर होऊन तुटली तर मध्यम, पट्टीच होत नसेल तर हलकी. ढेकळावर दोन थेंब व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे, आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या का, याचं उत्तर बरेचदा तिथे असतं. खात्रीसाठी प्रयोगशाळेत तपासून घ्या, पण नमुना देताना वरच्या मातीसोबत दुसऱ्या आणि तिसऱ्या फुटाची माती वेगळ्या पिशवीत न्या. फळबागेसाठी फक्त वरची माती तपासून भागत नाही.

कलमांचे पैसे भरण्याआधी एक दिवस एका मजुराची मजुरी यावर घाला. पाऊस ओसरला की उताराच्या वर, मधे आणि खाली असे तीन खड्डे, चार-चार फुटांचे. मग मला फोटो पाठवा. वरून काढू नका. आत उतरा, ऊन पडतं ती भिंत खुरप्याने ताजी खरवडा, शेजारी टेप लावा आणि तिचा फोटो काढा.