साठ रुपये

रविवार, रात्र

आभरानासाठी खण कमी पडत होते म्हणून सकाळी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. पोरांच्या एकांकिकेत पोतराज आहे, त्याच्या कमरेचा हा खणांचा घेर भरायला अजून पंधरा-वीस तुकडे हवेत. नवे खण स्टेजवर नवेच दिसतात. चहाच्या पाण्यात कितीही उकळा, काठाचा भपका जात नाही.

तर तिथं, जीन्सच्या ढिगाखालून एक बाही लोंबत होती. इरकलीची, हिरवी. आधी वाटलं, आपल्यासारखं काम करणारं अजून कुणीतरी आहे म्हणायचं. जरा बरंही वाटलं. मग मुंढ्यापाशी हात गेला. डावीकडे धावदोरा तीन बोटं वाकडा. त्या रात्री लाइट गेले होते आणि नंतर उसवायचा मी कंटाळा केला होता.

वहिनीचा कोट.

"मावशी, हा कितीला?"

"शंभर द्या."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिला वाटलं, मी घासाघीस करतेय. "बरं, ऐंशी. जुन्याचंच आहे ताई, ठिगळं जोडून केलंय कुणीतरी." मी अजून गप्पच. साठला दिला. इतकी चांगली घासाघीस मला आयुष्यात जमली नव्हती.

रिक्षात रडू आलं. सतरा दिवसांचं हातकाम होतं ते. अस्तराला आईचं लुगडं, नऊवारातलं न विरलेलं तेवढंच, आणि तेही मी तिला... जाऊ दे. तिनं बोहारणीला दिला असणार, दुसरं काय. पण मिळालं काय? डबा? पातेलं? की नुसती वाटी, तीही अजून दोन पँटी घातल्यावर? दुपारभर तेच डोक्यात. देऊन टाकला हे एक वेळ गिळता येतं. वाटीवर दिला असेल तर नाही.

संध्याकाळी कोट मशीनवर पसरून बघितला. इरकलीचा पदर मुळातच वेगळ्या ताण्याचा असतो, मागावर फाशात फासा अडकवून अंगाच्या ताण्याला जोडलेला. म्हणजे मी कापायच्या आधीच ती साडी जोडकामाची होती. मीही ती बोहारणीकडूनच घेतली होती. कुणाची, कुणी नेसलेली, तिच्या बदल्यात त्या घरात कुठलं भांडं गेलं, असलं काही मी विचारलं नव्हतं. काठ बघितला, घडीवर विरलीय का बघितलं आणि पिशवीत टाकली. वर कुणी विचारलं की "कापड फिरत राहायला हवं" हे माझंच वाक्य. फिरलं की. पार मंगळवार पेठेपर्यंत फिरलं.

खरं तर तो कोट तिला खांद्यात होत नव्हता. माप न घेता शिवला होता, सरप्राइज म्हणून. घातल्यावर ती हात वर करून "मस्त बसलाय" म्हणाली होती आणि मुंढा कचकन ओढला गेला होता. मला दिसलं होतं.

बुधवारी तिच्याकडे जायचंच आहे. भांड्यांच्या मांडणीकडे बघायचं नाही असं ठरवलंय. बघीनच.

अस्तर काढून ठेवलंय. खिशाला गुळेदगुडचा खण होता, चांगला मुरलेला, तो आत्ता उसवला. आभरानात बरोबर बसतोय. अजून चौदा हवेत.