मेक्सिको सिटीत लग्नाला जाताय?

बहिणीच्या मुलाने मेक्सिको सिटीतली मुलगी पसंत केली आणि नोव्हेंबरमध्ये आमची पुण्या-नागपूरची मंडळी तिकडे जाऊन लग्न लावून आली. आता त्याच्या मित्राचंही तिथेच ठरलंय. त्या घरचे लोक रोज काहीतरी विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

आधी व्हिसा. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. अमेरिकेमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना युरोप किंवा इस्तंबूलमार्गे नेणं सोपं. तिथलं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे आहे, म्हणजे दिवसाची रात्र होते. लग्नाच्या आदल्या दिवशी उतरण्याचा आग्रह धरू नका. निदान तीन दिवस आधी पोचा.

या तीन दिवसांमागे आणखी एक कारण आहे. हे शहर 2240 मीटर उंचीवर आहे. कळसूबाईच्या शिखरावर उभं राहिलात तरी त्याहून सहाएकशे मीटर खालीच असता. दोन जिने चढले की धाप लागते, डोकं जड होतं, झोप नीट लागत नाही. पहिल्या दिवशी पाणी भरपूर प्या, जेवण हलकं ठेवा आणि नातेवाईक मेस्काल या तिथल्या कडक दारूचा पेला पुढे करतील तेव्हा हसून "उद्या" म्हणा. त्या उंचीवर ती लवकर चढते. आमच्या भाऊजींनी हे मनावर घेतलं नव्हतं, एवढंच सांगते.

राहायचं कुठे, यावर बरीच वादावादी होते. सगळे रोमा-कोंदेसाचं नाव घेतात आणि भाग आहेही सुंदर. झाडांच्या रांगा, कॅफे, रात्रीही रस्त्यावर माणसं. पण लग्न दक्षिणेला सान आंखेल किंवा कोयोआकानला असेल तर शुक्रवारी संध्याकाळी रोमाहून तिथे पोचायला तास-दीड तास सहज जातो. आधी हॉलचा पत्ता घ्या, मग हॉटेल ठरवा. आम्ही अर्धी मंडळी कोयोआकानला ठेवली आणि बरं केलं. ताई म्हणाली, "पैठणी नेसून मी दीड तास टॅक्सीत बसणार नाही." विषय तिथेच संपला.

फिरायला उबर आणि दीदी ही टॅक्सीची दोन्ही अ‍ॅप चालतात. मेट्रोचं तिकीट अवघं 5 पेसो आणि गर्दीच्या वेळी पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात. इन्सुर्खेंतेस या लांबलचक रस्त्यावरून मेट्रोबस थेट सान आंखेलपर्यंत जाते. तिची स्वतंत्र मार्गिका असल्यामुळे संध्याकाळी ती टॅक्सीच्या आधी पोचते. फोन मात्र हातात नाचवत उभं राहू नका.

आता लग्नाकडे वळू. कायदेशीर लग्न न्यायाधीशासमोर होतं, बऱ्याचदा वेगळ्या दिवशी. चर्चमधला विधी निराळा. त्यात वर-वधूच्या खांद्यांवर आठच्या आकड्यासारखा एक मोठा दोर किंवा जपमाळ घालतात, त्याला लासो म्हणतात. आपल्याकडे उपरण्याला शालूची गाठ मारतात, त्याच घरातली ही कल्पना. मग वर वधूच्या ओंजळीत 13 नाणी ओततो. हे सगळं पाद्रिनो, म्हणजे हा मान दिलेल्या जवळच्या मंडळींच्या हस्ते होतं. कुणी लासोचे पाद्रिनो, कुणी नाण्यांचे, कुणी अंगठ्यांचे. तुमच्यापैकी कुणाला हा मान मिळाला तर त्या वस्तूचा खर्चही सहसा त्यांचाच, हे आधी समजून घ्या.

चर्चला वेळेवर जा. पार्टीला अर्धा तास उशीर झाला तर कुणी काही म्हणत नाही. पार्टी संध्याकाळी सुरू होते ती पहाटे चार-पाचपर्यंत चालते. मध्यरात्रीनंतर नाचाच्या जागी टोपलीभर सपाता येतात. बायका उंच टाचांचे बूट काढून त्या घालतात आणि पुन्हा नाचायला उभ्या राहतात. पहाटे तोर्नाबोदा म्हणून दुसरं खाणं येतं: चिलाकिलेस, टाको, गरम पोसोले. आपल्याकडची माणसं केक कापला की निघायची तयारी करतात. तसं करू नका, खरी मजा त्यानंतरच आहे. दुसरा दिवस पूर्ण मोकळा ठेवा, कुठलीही सहल ठरवू नका.

पत्रिकेवर मुलांना आणू नये असं लिहिलं असेल तर ते गंभीरपणे घ्या. टेबलं नावानिशी ठरलेली असतात, ऐनवेळी "चुलत भाऊही येतोय" चालत नाही. पांढरी किंवा मोतिया साडी टाळा, तो रंग वधूचा. आहेरासाठी मोठ्या दुकानांत वर-वधूंनी केलेली यादी असते. नाहीतर पाकिटात पैसे द्या. आणि झेंडूच्या तोरणांचा बेत असेल तर आधी वधूच्या आईला विचारा. झेंडू मूळचा तिथलाच, पण तिथे तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवशी वेदीवर आणि थडग्यांवर वाहतात. आमची फुलं शेवटी हॉटेलातच राहिली आणि हॉलमध्ये गुलाब आले. फुलं घ्यायला खामाइका नावाचा बाजार आहे, रात्रंदिवस उघडा.

शाकाहारी मंडळींना उपाशी राहावं लागत नाही, पण चौकशी करावी लागते. नुसतं "वेखेतारियानो" (शाकाहारी) म्हटलं की कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं. "सिन कार्ने, सिन पोयो" (मांस नको, कोंबडी नको) म्हणा, शिवाय "सिन मांतेका" (चरबी नको), कारण घेवड्याच्या उसळीत आणि तामालेसमध्ये डुकराची चरबी असते. भातसुद्धा अनेकदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. त्यातल्या त्यात सुरक्षित आणि चविष्ट म्हणजे रस्त्यावरचे त्लाकोयो. निळ्या मक्याच्या पिठाची लांबट जाड पोळी, आत घेवडा किंवा बाकल्याचं सारण, वर निवडुंगाची भाजी आणि किसलेलं चीज. बाई तव्याजवळ बसून तळहातावर थापतात, तुमच्यासमोर भाजतात. हिरवी चटणी आधी बोटावर चाखून पाहा. भोपळ्याच्या फुलांची केसादियाही उत्तम, पण त्या शहरात चीज हवं असेल तर "कोन केसो" असं सांगावं लागतं, नाहीतर चीजशिवाय मिळते. नळाचं पाणी पिऊ नका. गोड खायचं असेल तर 1935 पासून चालू असलेल्या एल मोरोमध्ये चुरो आणि चॉकलेट घ्या.

फिरण्यातलं अर्धं सगळ्यांना माहीतच असतं. फ्रिदा काहलोच्या निळ्या घराची तिकिटं ऑनलाइन, आठवडे आधी काढा, दारात मिळत नाहीत. मानववंशशास्त्र संग्रहालयाला अख्खा दिवस द्या. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद. शोचिमिल्कोच्या कालव्यांतल्या होड्यांचं भाडं ताशी आणि पूर्ण होडीचं असतं, माणशी नाही. वऱ्हाड पंधरा जणांचं असेल तर फार स्वस्त पडतं. सान आंखेलला शनिवारी हस्तकलेचा बाजार भरतो, पण तुमचं लग्न शनिवारी असेल तर सकाळी तासभरच जा. तेओतिवाकानच्या प्राचीन पिरॅमिडांपाशी फाटक उघडतानाच पोचा, सावली जवळजवळ नाही.

एक ठिकाण मात्र आपल्या माणसांनी चुकवू नये. शहराच्या जुन्या भागात शिक्षण मंत्रालयाची इमारत आहे, आता तिथे भित्तिचित्रांचं संग्रहालय झालंय. दिएगो रिवेराने 1920 च्या दशकात तिच्या भिंती रंगवल्या. वरच्या मजल्यावर 'आपली भाकरी' नावाचं चित्र आहे. त्यात टेबलाच्या मधोमध बसून भाकरी मोडणारा माणूस म्हणजे पांडुरंग खानखोजे, असं मानतात. वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले क्रांतिकारक. 1924 मध्ये ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं. स्वातंत्र्यानंतर परतले आणि 1967 मध्ये नागपुरात वारले. चापिंगोमध्ये 2022 साली त्यांचा पुतळाही बसवला. आमच्या नागपूरच्या काकांना हे ठाऊक नव्हतं. ते त्या भिंतीपुढून हलेनात, गाईड दोनदा बोलवायला आला.

भूकंपाचा भोंगा वाजला तर इतरांच्या मागोमाग शांतपणे मोकळ्या जागी या. त्या शहराला 1985 आणि 2017 असे दोन मोठे भूकंप 19 सप्टेंबरलाच बसले, त्यामुळे लोक सरावलेले आहेत. रात्री लागेल म्हणून स्वेटर घ्या, दिवसा उन्हाची टोपी. टिप दहा ते पंधरा टक्के, आणि छोट्या दुकानांसाठी रोख पेसो जवळ असू द्या.

परतताना विमानतळ दोन आहेत हे लक्षात ठेवा: बेनितो हुआरेस शहरात, फेलिपे आंखेलेस बरंच उत्तरेला. तिकिटावरचं नाव वाचूनच टॅक्सी बोलवा. मोले या तिथल्या मसालेदार रश्शाची पेस्ट घेतली असेल तर ती हातातल्या बॅगेत ठेवू नका, तपासणीत काढून घेतात.